साहेबांची पाटी आणि बिनवासाचा गॅस

माझं माहेर दौंडचं आणि सासर शिरूरचं, म्हणजे बर्फातून उठले आणि फ्रीजमध्ये येऊन पडले. वडील दौंडला स्टेशनापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचे आणि नवऱ्याचं शिरूरला फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. दोन्ही घरांत थंडावा फक्त धंद्यापुरता. बोलण्यात तो कुणाच्याच नाही, माझ्या तर मुळीच नाही, असं सासरचे म्हणतात. ते खोटंही नाही.

दौंडच्या कारखान्यात अमोनिया असायचा. हा गॅस एका बाबतीत फार सरळ. जरा कुठं वाल्व्ह सैल झाला की सगळ्या आळीच्या नाकाला झोंबायचा, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. बायका पोळ्या तव्यावर टाकून मुलांना काखोटीला मारून निघायच्या. वडिलांच्या जोडीला पाळीवर एक चाचा होते, ते ओला पंचा नाकाला बांधून सायकलवरून ओरडत जायचे, "वाऱ्याच्या तोंडाकडं पळा, वाऱ्याच्या तोंडाकडं!" आणि लोक पळायचे. कुणी थांबून विचारलं नाही की बुवा पुरावा काय, तुम्ही कोण सांगणारे, मुहूर्ताची वेळ आहे, दहा मिनिटांनी पळालं तर चालेल का. नाकाला झोंबलं की माणूस शहाणा होतो.

वडील म्हणायचे, "जो गॅस वास देतोय तो इमानदार. बिनवासाच्या गॅसशी आन् गोड बोलणाऱ्या माणसाशी जपून." ते जुन्या मशीनवर वाढलेले, त्यांना अमोनियाचा अभिमान होता. आता ऐकते की आकाशाला सगळ्यात कमी त्रास देणाऱ्यांत तोच म्हातारा अमोनिया मोडतो. आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी नाक मुरडलं, तो शेवटी सज्जन निघाला. आमच्या वडिलांना हे कळवलं तेव्हा त्यांनी खोकत खोकत मिशीवरून हात फिरवला, जणू त्यांचाच सत्कार होता.

लग्नानंतर मी नवऱ्याच्या दुकानात काउंटरवर बसायला लागले आणि गॅसांचं दुसरं खानदान पाहिलं. इथं नावं नव्हती, नंबर होते. "बावीस भरू का एकशे चौतीस?" असं आमचे हे विचारायचे आणि गिऱ्हाईक गंभीर चेहरा करून "चांगला भरा" म्हणायचं. जुन्या एसीत बावीस. तो थंडावा छान द्यायचा, ना वास, ना जाळ, फक्त वर जाऊन आकाशाची चाळण करायचा. म्हणून त्याला घालवायचं ठरलं. मग फ्रीजमध्ये आला एकशे चौतीस. त्यानं आकाशाला भोक पाडलं नाही, पण पृथ्वीला गोधडीत गुंडाळून ठेवलं. मग नव्या एसीत बत्तीस. तो त्याहून बरा, पण बरा म्हणजे घरातल्या तीन आळशांतला जरा कमी आळशी. आणि आता फ्रीजमध्ये सहाशे आणि दोनशे नव्वद. यातला दोनशे नव्वद म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या गॅसचा सख्खा भाऊ. आकाशाला त्याचा जवळजवळ काही त्रास नाही. फक्त पेटतो.

एवढं ज्ञान मला काउंटरवर बसून, खोक्यांवरचं वाचून मिळालं. नवऱ्याला ते आवडायचं नाही. दुकानाच्या मागच्या बोळात जुन्या फ्रीजची नळी तोडून आतला गॅस फुस्सकन हवेत सोडून द्यायचा, ही त्यांची आणि शिरूरपासून शिक्रापूरपर्यंतच्या समस्त मेकॅनिक मंडळींची पद्धत. मी म्हटलं, "अहो, तो भरून ठेवायचा असतो." तर म्हणे, "हवेतला गॅस हवेत गेला, तुझं काय गेलं?"

आणि गिऱ्हाइकं! त्यांना वाटतं गॅस सिलिंडरसारखा वापरून संपतो. तो संपत नाही. तो त्याच नळ्यांतून फेऱ्या मारत असतो, कमी झाला तर कुठंतरी भोक आहे. पण भोक शोधायला वेळ लागतो आणि भरायला लागत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात तीच माणसं तेच फ्रीज घेऊन यायची आणि आमचे हे तितक्याच आपुलकीनं तोच गॅस भरायचे. याला ते "जुनी गिऱ्हाइकं" म्हणतात.

सासरे म्हणजे आबा, निमोण्याला शेतावर राहतात. मोबाइलवर त्यांना रोज जगाचं ज्ञान येतं. एकदा जेवताना म्हणाले, "पोरं शाळंत व्हती तवा मास्तर घाबरवायचे, आकाशाला भोक पडलंय म्हणून. कुठं गेलं ते भोक? काईच झालं न्हाई."

मी म्हटलं, "आबा, तो गॅस बंद केला म्हणून भोक बुजायला लागलंय."

"आसं कसं? झालंच न्हाई काई, तर बंद कशाला केला?"

यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण भाकरीही होती, म्हणून मी भाकरी खाल्ली.

निमोण्याला माझी धाकटी जाऊ आबांजवळ राहते. दीर शेती बघतात आणि ही कंपनीच्या गाडीनं शिक्रापूरला पॅकिंगला जायची. दिवसभर उभं राहायचं, बसायला स्टूल नाही. संध्याकाळी ही बाई गाडीतून उतरली की पायातली चप्पल निघत नसे, इतके पाय सुजलेले. तिच्या हातचं श्रीखंड मात्र असं होतं की आमच्याकडचे पाहुणे तिचं नाव घेऊन वाटी पुढं करायचे. तिच्या बायकांच्या गटाला एका सरकारी योजनेतून मोठा फ्रीजर मंजूर झाला, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा. त्यात श्रीखंड, पनीर, खवा ठेवायचा आणि पुढच्या खोलीत दुकान घालायचं. मंजुरी आली त्याच आठवड्यात तिनं कंपनीत राजीनामा दिला. मी म्हटलं, जरा थांबायचं होतंस. ती म्हणाली, "ताई, पाय थांबू देत न्हाईत."

तो फ्रीजर दोनशे नव्वदचा होता. समोरच्या पत्र्यावर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र होतं. मी गेल्या गेल्या ते पाहिलं आणि मला बरं वाटलं, की चला, आमच्या घराण्यात एक तरी वस्तू काळाच्या बरोबर आली.

आता उद्‌घाटन. आमच्या भागात उद्‌घाटनाशिवाय पाण्याचा नळसुद्धा गळत नाही. योजना सरकारची, अर्ज जावेचा, हेलपाटे दिरांचे, पण फ्रीजर आला तो साहेबांच्या प्रयत्नांतून. कोणते साहेब ते सांगत नाही, प्रत्येक गावात एक असतात. आणि साहेब आले की पाटी आलीच. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव, स्मशानातल्या बाकावर नाव, एसटीच्या थांब्यावर बसणाऱ्याच्या पाठीला उमटेल एवढं मोठं नाव. मेलेल्या माणसालाही कळतं की शेवटचा बाक कुणाच्या सौजन्यानं.

साहेब उशिरा आले. आल्यावर त्यांनी भाषण केलं की हा फ्रीजर पर्यावरणपूरक आहे, हा घेणं म्हणजे झाड लावणं आहे. बाहेर त्यांची गाडी एसी चालू ठेवून उभी होती. भाषण संपता संपता त्यांचा कार्यकर्ता स्टीलची चकचकीत पाटी आणि बॅटरीवरचं ड्रिल घेऊन आत आला.

मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, त्या पत्र्याच्या आत नळ्या असतात ना?"

तेही जरा चमकले. पुढं होऊन म्हणाले, "भाऊ, दोन्ही बाजूनं चिकटणारी टेप हाय माझ्याकडं, टेपनं लावू."

कार्यकर्त्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही यांनी साहेबांना टेपनं चिकटवायला सांगितलंय. "टेपनं लावलेलं नाव पडलं म्हंजी? नाव पक्कं पाहिजे."

आणि माझा नवरा, जो घरात आमटीत मीठ कमी पडलं तर भांडतो, तो "व्हय व्हय" म्हणून मागं सरकला.

पाटी लावायला त्यांनी जागा निवडली ती बरोबर पिवळ्या त्रिकोणावर. चित्र जाळाचं, बरं दिसत नाही, असं कुणीतरी म्हणालं. पहिला स्क्रू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला फुस्स झालं.

मोठा आवाज नाही. कुकरची शिट्टी यायच्या आधी जसा श्वास टाकतो तसा. कार्यकर्त्याच्या बोटांना थोडं तेल लागलं, ते त्यानं पॅन्टला पुसलं आणि स्क्रू आणखी जोर लावून पिळला. "नवीन मशीन आसा आवाज करतंय," तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. फुस्स चालूच होतं, पाटीच्या खालच्या कडेनं.

खोली लहान. दिवा फडफडू नये म्हणून आबांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि शटर निम्मं खाली ओढलं होतं. प्रोपेन जड असतो, तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. आणि आतल्या दारातून सासूबाई पेटलेलं निरांजन आणि धगधगता कापूर असलेलं ताट घेऊन आल्या. ते त्यांनी जावेच्या हातात दिलं. गटाची अध्यक्ष ती, पहिला मान तिचा. ती फ्रीजरच्या पायाशी वाकून ताट खाली ठेवणार, हळदकुंकू वाहणार आणि मग ओवाळणार, असा बेत होता.

मी ओरडले, "थांब!"

ती हसली. तिला वाटलं, पदर नीट घे म्हणते आहे. तिनं पदर नीट घेतला आणि आणखी एक पाऊल पुढं आली.

मग मी मध्ये घुसले आणि दिवा फुंकला. कापरावर तर मी शेजारचा पाण्याचा तांब्याच उपडा केला.

आमच्याकडे दिवा विझला असं तोंडानंही म्हणत नाहीत, दिव्याला निरोप दिला म्हणतात. आणि मी, थोरली सून, शुभकार्यात, साहेबांच्या देखत, देवापुढचं निरांजन वाढदिवसाच्या मेणबत्तीसारखं फुंकून टाकलं होतं. खोलीत अशी शांतता पसरली की ते फुस्स आता सगळ्यांना ऐकू यायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, आणि डोळे इतके मोठे केले की कानांना बहुतेक जागा उरत नाही.

"गॅस सुटलाय," मी म्हटलं. "बटणाला कुणी हात लावू नका. शटर वर करा, बाहेर व्हा."

साहेबांनी नाक वर करून हुंगलं. मग कार्यकर्त्यानं हुंगलं. मग सगळ्या खोलीनं हुंगलं. उदबत्तीचा वास येत होता.

"वास कुठं येतोय?" आबा म्हणाले.

आता काय सांगणार? घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. मशीनमधल्याला घालत नाहीत. हे समजावायला वेळ नव्हता. मीच शटर वर लोटलं आणि जावेला दंडाला धरून अंगणात ओढलं. मागोमाग बाकीचे आले, गॅसला घाबरून नाही, मला काय झालंय ते बघायला. वारा आत शिरला. थोड्या वेळानं फुस्स थांबलं. संपला होता सगळा.

आणि काहीच झालं नाही.

भडका उडाला असता, एखाद्याच्या भुवया जळाल्या असत्या, गेलाबाजार पडदा पेटला असता, तर मी निमोण्याची शूर सून झाले असते आणि माझंच नाव कुठल्यातरी पाटीवर आलं असतं. पण काहीच झालं नाही. साहेब गाडीत बसताना आबांना म्हणाले, "सूनबाईंची तब्येत बघा जरा." आबा मला एवढंच म्हणाले, "शुभ कामात दिवा फुंकतात व्हय?" सासूबाईंनी ते ताट राखेनं पुन्हा पुन्हा घासलं.

दुसऱ्या दिवशी फ्रीजर गार होईना. होणार कसा? त्याचा जीव आदल्या दिवशी अंगणातून निघून गेला होता. पण गावानं हिशेब असा जुळवला: थोरलीनं दिवा फुंकला, म्हणून फ्रीजर बंद पडला. पाटीतल्या तीन स्क्रूंवर कुणाची शंका गेली नाही. त्या सुटलेल्या गॅसनं आकाशाचं काही वाकडं झालं नाही. जे काही वाकडं झालं ते माझंच. हळदीकुंकवाला बायका मला वाण देताना हात लांबवून द्यायला लागल्या. मला याचा भयंकर राग आला, आणि तो मी कुणापासून लपवला नाही.

दौंडला वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वास नव्हता ना? मग त्यांना कसं कळणार? त्यांची चूक न्हाई, त्यांना नाकापलीकडचं दिसत न्हाई एवढंच."

फ्रीजरच्या कंपनीचा माणूस आला. नळी पाटीच्या मागेच फुटली आहे, तिथला पत्रा कापावा लागेल, त्यासाठी पाटी काढावी लागेल, आणि भोक बाहेरून पाडलेलं असल्यामुळे हे वॉरंटीत बसत नाही, एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. आमचे हे म्हणाले, मी करतो दुरुस्त, फक्त पाटी काढा. आता गंमत बघा. पाटी काढायला दोन मिनिटं लागतात. पण काढणार कोण? आबा म्हणाले, निवडणूक तोंडावर हाय, साहेबांना वाईट वाटंल. दीर म्हणाले, आबांना विचारा. गटातल्या बायका म्हणाल्या, नवऱ्यांना विचारतो. साहेबांना कळवलं तर कार्यकर्त्याचा निरोप आला, पाटीला हात लावू नये, साहेब स्वतः लक्ष घालणार आहेत. साहेबांनी लक्ष घातलं असावं, पण ते फ्रीजरपर्यंत पोचलं नाही.

मग त्या पर्यावरणपूरक फ्रीजरमध्ये सासूबाईंनी गोधड्या ठेवल्या. झाकण घट्ट बसतं, उंदीर शिरत नाही. समोर साहेबांचं नाव चमकत होतं, गोधड्यांच्या सौजन्यानं. आणि जाऊ पुन्हा कंपनीच्या गाडीत बसायला लागली. या वेळी जुनी जागाही मिळाली नाही, ठेकेदाराकडून घेतली. पाय पुन्हा तसेच. मला भेटली की इकडचं तिकडचं बोलायची, त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, हिलाही वाटतं की मीच हिचं वाटोळं केलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. गाव गेलं उडत, पण हिच्यासाठी मी फुंकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती दुकानात आली. कंपनीच्या गाडीतून थेट उतरून, पाय ओढत. पिशवीतून तिनं ती स्टीलची पाटी काढली आणि काउंटरवर ठेवली. वर तीन स्क्रू ठेवले.

"पाटी पडली, ताई," ती म्हणाली.

"कशी गं पडली?"

"स्क्रूड्रायव्हरनं." मग म्हणाली, "त्या दिशी पाटी लावत होते तवा मी तिथंच उभी व्हते. माझ्या पायाला गार लागलं व्हतं. बर्फावानी. मला कळलं व्हतं काईतरी सुटलंय म्हणून."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर मी शिव्या खाल्ल्या."

"साहेब व्हते, आबा व्हते. आन् नंतर लई उशीर झाला."

मी तिला पुष्कळ बोलले. इतकं की शेजारचा मोबाइलवाला बघायला आला. ती ऐकत उभी राहिली. शेवटी मीच तिला स्टूल दिलं आणि माठातलं पाणी दिलं, कारण तिचे पाय बघवत नव्हते.

निमोण्याला जाऊन फ्रीजर आम्ही अंगणात लिंबाखाली काढला. आमच्या यांनी नळी जोडायचा टॉर्च पेटवायला सवयीनं लगेच लाइटर काढला तेव्हा मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तो परत खिशात गेला. फ्रीजर उचलायला बरोबर आलेल्या मोबाइलवाल्यानं सुचवलं, आता त्यात साधा एकशे चौतीस भरा, भीती नको. पण ज्या मशीनला जो गॅस त्यातच तो भरायचा, आणि जाळाची भीती नको म्हणून पुन्हा पृथ्वीला गोधडी घालायची तर मग सासूबाईंच्या गोधड्या काय वाईट होत्या? नळ्या उघड्यावर रिकाम्या केल्या, उरलासुरला गॅस निघून जावा म्हणून नायट्रोजन मारला, मगच जोडल्या. दोनशे नव्वद काट्यावर तोलून भरला. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड मी स्वतः बघितला. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा भोक बुजवून मग गॅस भरत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं गिऱ्हाईक गमावल्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं.

दुकान सुरू झालं. उद्‌घाटन झालं नाही. निरांजन सासूबाईंनी देवघरातच लावलं. मी फ्रीजरशेजारी उभी होते, डबे आत रचत. आबा दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की पाटीच्या मागंच भोक असणार हे त्यांना तेव्हाच वाटलं होतं.

एक शेजारीण श्रीखंड घ्यायला आली. माझ्याकडं न बघता जावेला हळूच म्हणाली, पण मला ऐकू येईल इतकं हळू, "जावेला जरा लांब उभं कर बाई. मागल्या खेपंला त्यांनी दिवा फुंकला व्हता."

जाऊ काट्यावर श्रीखंड घालत होती. तिचा हात थांबला. मला वाटलं, पुन्हा गप्प बसणार.

"ताई लांब आसत्या तर मी हितं नसते," ती म्हणाली, चांगली मोठ्यानं, दारातल्या खुर्चीपर्यंत जाईल अशी.

"आगं, पण काईच झालं न्हाई की तवा."

"व्हय," जाऊ म्हणाली. "काईच झालं न्हाई, म्हणून तर तुम्हाला श्रीखंड तोलून देतीया."